प्रकार ३ म्हणजे अधिक धोका?

प्रश्न : माझ्या यजमानांच्या हिपॅटायटिस सीच्या अहवालात ‘जीनोटाइप ३’ (विषाणूचा जनुकीय प्रकार ३) असे आले आहे. आमच्या एका नातलगांना प्रकार १ होता. हा प्रकार अधिक घातक असतो का आणि तो घरात पसरेल का? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : हा विषाणू स्वतःची प्रत काढताना झालेल्या चुका दुरुस्त करीत नाही, म्हणून त्याचे जनुकीय रूप सतत बदलते, त्याचे ८ मुख्य प्रकार ज्ञात असून आपल्या देशात प्रकार ३ सर्वाधिक आढळतो. या प्रकारात यकृतात चरबी साठण्याचे आणि ते लवकर कडक होण्याचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे आपली काळजी अनाठायी नाही. मात्र सोफोसबुविर व वेलपाटासविर ही औषधांची जोडगोळी सर्व प्रकारांवर चालते. बहुतेकांना ती १२ आठवडे घ्यावी लागते आणि २०१८ पासून हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळते. फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झाले आहे हे मोजणारी तपासणी) अवश्य करून घ्यावा आणि मद्य पूर्ण वर्ज्य करावे.

प्रसाराचा मार्ग प्रकारानुसार बदलत नाही, तो रक्तातूनच होतो. एकत्र जेवल्याने संसर्ग होत नाही. दाढीचे पाते, नेलकटर व दात घासण्याचा ब्रश मात्र वेगळे ठेवावेत, आणि आपण स्वतःही एकदा तपासणी करून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगतो. हिपॅटायटिस ईचे तसे नाही : त्याचे प्रकार १ व २ दूषित पाण्यातून, तर ३ व ४ बहुधा डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून येतात.

सी विषाणूवर अद्याप लस नाही. बीवर आहे, ती घरातील सर्वांनी घेतलेली असावी.