“एकही खिळा नाही” एवढ्यावर जपानी खणांचा संच घेऊ नये

आपण विचारले आहे की टोकियोत राहत असताना मेजावर ठेवण्यासाठी पारंपरिक जपानी सांध्यांचा, छोट्या खणांचा लाकडी संच घ्यावा का, “एकही खिळा नाही” हा विक्रेत्याचा दावा कितपत खरा मानावा, आणि पुढे रत्नागिरीला परतल्यावर तिथल्या पावसाळ्यात तो टिकेल का. माझे मत आधीच सांगतो: अवश्य घ्यावा, मात्र खिळा नाही एवढ्याच कारणासाठी घेऊ नये.

जपानमध्ये या कामाला साशिमोनो म्हणतात. क्योतोमध्ये ते दरबारी सामानाच्या आणि चहाविधीच्या उपकरणांच्या आधाराने वाढले. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, सामुराई, व्यापारी आणि काबुकी या नाट्यप्रकारातले नट हे त्याचे गिऱ्हाईक होते, आणि तिथले काम नक्षीपेक्षा लाकडाच्या रेघांवर भिस्त ठेवणारे राहिले. खिळ्यांच्या बाबतीत मात्र दुकानातली भाषा जरा सैल असते. लोखंडी खिळा बहुधा नसतो हे खरे, पण किरी (पॉलोनिया) या झाडाच्या लाकडाच्या कपाटांत आणि खणांत लाकडी खिळे सर्रास असतात. उत्सुगी नावाच्या झुडपाच्या कठीण लाकडाचे हे बारीक खिळे आधी भाजून अगदी कोरडे करतात. ठोकल्यानंतर ओलावा शोषून ते फुगतात आणि फळीत घट्ट बसतात. शिवाय चिकटवण्याचे द्रव्यही असते: कधी प्राण्यांच्या कातड्याचा सरस, तर कधी शिजलेला भात पाटावर घोटून केलेली खळ. त्यामुळे लाकडी खिळ्याचे डोके दिसले म्हणून फसवणूक झाली असे समजू नये.

खरी परीक्षा आहे ती लाकडाच्या हालचालीची. फळी लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत दर ऋतूला फुगते आणि आकसते, आणि वाढीच्या वर्तुळांना धरून होणारी ही हालचाल त्रिज्येच्या दिशेतील हालचालीपेक्षा साधारण दुप्पट असते. अशा फळीला खिळ्यांनी किंवा स्क्रूंनी दोन्ही कडांना जखडले, तर आकसायला वाव न मिळाल्याने ती तडकते. सांधेकामात जोडल्या जाणाऱ्या फळ्यांच्या रेघा अशा वळवून घेतात की त्या फळ्या बरोबरच फुगाव्यात आणि बरोबरच आकसाव्यात, म्हणजे सांध्यावर ताण येत नाही. म्हणून खण हातात घेतला की प्रथम त्याच्या दर्शनी फळीवरच्या आणि बाजूंच्या फळ्यांवरच्या रेघा आडव्या, मेजाला समांतर आहेत का ते पाहावे. तशा असतील तर दमट हवेत या सर्व फळ्या फक्त उंचीत वाढतील, आणि खणाच्या वर सोडलेली बारीक फट त्यासाठीच असते. मग खण उलटा करावा. तळाची रुंद फळी चारी बाजूंनी चिकटवून टाकलेली असेल तर ती एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात चिरेल. खाचेत मोकळी सरकवलेली असेल तर चिंता नाही. तळ प्लायवुडचा असेल तर तो फारसा हलणार नाही हे खरे, पण त्याला अस्सल हस्तकामाची किंमत मोजण्याचे कारण नाही.

आपण पाठवलेल्या छायाचित्रातल्या संचाच्या कोपऱ्यांवर डव्हटेलचे, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे टोकाकडे रुंदावणारे दात ठळक दिसत आहेत, आणि तीच अस्सलपणाची खूण असावी असा आपला समज झालेला दिसतो. उत्तम साशिमोनोत सांधा बहुधा दडवलेलाच असतो: बाहेरून कोपऱ्यावर पंचेचाळीस अंशांची एक रेघ तेवढी दिसते आणि दात आतल्या आत एकमेकांत अडकलेले असतात. दिसणारा सांधा वाईट असतो असे नव्हे, पण तो दाखवण्यासाठीच केला आहे का, अशी शंका मला नेहमी येते. त्यापेक्षा कोपऱ्यावरून नख फिरवावे. ते कुठेही अडता कामा नये. हा घट्टपणा कसा येतो तेही पाहण्यासारखे आहे. फळीचे कुसू, म्हणजे खाचेत बसणारे टोक, कारागीर आधी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी दाबून घेतो. दाबलेले कुसू खाचेत सहज सरकते आणि आत गेल्यावर सरसातले पाणी पिऊन त्याचे तंतू पुन्हा उभारतात. या कृतीला किगोरोशी म्हणतात.

लाकडाच्या बाबतीत माझी पसंती मिश्र कामाला आहे. किरी अतिशय हलके असते, आर्द्रतेने कमी हलते, आणि म्हणूनच खणांसाठी त्याला तोड नाही; पण ते इतके मऊ असते की पेनाचे टोक टेकले तरी खूण उमटते. मेजावर रोज हाताळायच्या वस्तूचे बाहेरचे अंग केयाकीचे (झेल्कोवा नावाच्या कठीण लाकडाचे) किंवा तुतीचे असावे आणि आतले खण किरीचे असावेत, आणि एदोच्या परंपरेतही हेच आढळते. टोकियोच्या दक्षिणेकडील इझू बेटांपैकी मिकुराजिमाच्या तुतीला तिथे सर्वाधिक मान आहे, आणि किंमतही तशीच असते. मापाची चिंता करू नये. जुन्या कागदपेट्या हान्शी कागदाच्या, म्हणजे सुमारे २४ बाय ३३ सेंटीमीटरच्या मापाने बनत, त्यामुळे त्यांत ए-फोर कागद प्लास्टिकच्या फोल्डरसकट मावतो.

टोकियोजवळच्या हाकोने गावाच्या भौमितिक नक्षीच्या पेट्या अनेकदा साशिमोनो याच नावाखाली दाखवल्या जातात. ती कला सुंदर आहे, पण त्यातल्या बहुतेक पेट्यांवर रंगीत लाकडांच्या जुळवलेल्या ठोकळ्यावरून रंध्याने काढलेला पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो; सांधेकामाशी तिचा संबंध थोडाच. जपानमध्ये पारंपरिक हस्तकलांसाठी १९७४ चा कायदा आहे आणि एदो साशिमोनोला त्याखाली १९९७ मध्ये मान्यता मिळाली आहे. तपासणी झालेल्या वस्तूवर त्याचे चिन्ह असते, पण चिन्ह नसलेल्या कारागिराचे काम कमी दर्जाचे असेलच असे नाही. टोकियोत आओयामा स्क्वेअर या दालनात अशा वस्तू हातात घेऊन पाहता येतात. खरेदीपूर्वी तिथे एक चक्कर मारावी.

आता रत्नागिरीविषयी. टोकियोचा हिवाळा बराच कोरडा असतो, त्यामुळे त्या हवेतून कोकणात आलेला संच पहिल्या पावसाळ्यात फुगेल आणि खण जड सरकतील. त्या वेळी सुताराला बोलावून कडा रंधून घेऊ नयेत, कारण ऑक्टोबरनंतर लाकूड आकसले की तेच खण ढिले होतील आणि ती फट पुन्हा भरून निघत नाही. सरकणाऱ्या कडांवर साधी मेणबत्ती घासावी आणि हवा पालटण्याची वाट पाहावी. एक संपूर्ण वर्ष उलटल्यावरही खण अडत असेल तरच, आणि तोही कोरड्या महिन्यात, रंधा लावावा. संच भिंतीला चिकटवून किंवा एसीच्या झोताखाली ठेवू नये. बाहेरून उरुशीचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा हात पुसून दिलेला असेल, तर कोरडे मऊ कापड पुरे. त्यावर आपल्याकडचे फर्निचर पॉलिश मारू नये. किरीला खोच पडली तर ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री किंचित टेकवावी, दबलेले तंतू बरेचसे वर येतात.