दहाव्या वर्षाला पत्रा नको, कथील द्या

तुम्ही विचारलंय की लग्नाला दहा वर्षं होतायत, इंटरनेटवरच्या ‘लग्नाच्या कुठल्या वाढदिवसाला काय भेट द्यायची’ या यादीत दहाव्या वर्षापुढे ‘टिन’ लिहिलंय, मग बायकोला काय पत्र्याचा डबा द्यायचा? बायको चोपड्याची आहे असंही लिहिलंय, म्हणून मुद्दाम उत्तर देतेय. माझं माहेरही तिकडचंच, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातलं.

टिन म्हणजे पत्रा नव्हे. पत्रा लोखंडाचा असतो. टिन म्हणजे कथील, कल्हईवाल्याच्या हातातली ती पांढरी कांडी. खान्देशात बऱ्याच घरांच्या माळ्यावर एखादं पितळी पातेलं आतून लाल-काळं होऊन पडलेलं असतं. सासूबाईंना गुपचूप फोन करून विचारा. मिळालं तर तेच आणा आणि त्याला कल्हई, म्हणजे आतून कथलाचा मुलामा, करून द्या.

आमच्या दहाव्या वर्षी माझ्या नवऱ्याने हेच केलं. मायकडून जे पातेलं आणलं ते माझ्या आजीला लग्नात मिळालेलं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं नाव, मधली दोन अक्षरं घासून गेलेली. भांड्यांच्या बाजारात चौकशी करून कल्हईवाला सापडायलाच आठ-दहा दिवस लागले, तेव्हा तुम्हीही आतापासून शोधायला लागा. आणि बायकोला सोबत न्या. मला नेलं होतं, आणि अर्धी भेट तीच होती. भात्याने फुललेली भट्टी, तापलेल्या पातेल्यात टाकलेला नवसागर, भसकन उठलेला पांढरा धूर. मग कांडी नुसती टेकवली तर कथील पाण्यासारखं पळालं, आणि कापसाच्या बोळ्याने दोन-चार हात फिरवताच आतून सगळं चंदेरी. पाण्यात बुडवल्यावर चर्र आवाज झाला आणि मला रडू आलं. नंतर आजीच्या नावाखाली माझं नाव आणि लग्नाची तारीख कोरून घेतली.

कल्हईला देताना एक गोष्ट स्पष्ट सांगा: शुद्ध कथीलच हवं, शिसं मिसळलेलं नको. शिसं पोटात जाणं वाईट. घरी आणल्यावर पातेलं रिकामं गॅसवर ठेवू नका, कथील २३२ अंशांलाच वितळतं. तारेची घासणीही नको. एवढं सांभाळलं की त्यात कढी करा, चिंचेचं वरण करा, कळकत नाही. आतून पितळ दिसायला लागलं की पुन्हा कल्हई. म्हणजे ही भेट अधूनमधून नवी होत राहते, आणि मला हेच फार आवडतं.

या यादीचा फार धाकही बाळगू नका. १९२२ साली एमिली पोस्ट या अमेरिकन बाईंच्या शिष्टाचाराच्या पुस्तकात फक्त आठ वर्षं होती: पहिलं कागदाचं, पाचवं लाकडाचं, दहावं कथलाचं, पुढे काच, चिनी माती, चांदी, सोनं, हिरा. मधली बरीचशी वर्षं १९३७ मध्ये तिथल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने भरली. तेव्हा आपल्या घरात जे मुरलेलं आहे ते त्या यादीत बसवायला काहीच हरकत नाही. दुसरं वर्ष सुती आहे, आणि आपण तर कापसाच्या मुलखातले. दोन्ही आयांच्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी शिवून घेतली तर त्याहून चांगलं काय? नववं मातीचं. तिथे मी मांडे, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या पुरणपोळ्या, भाजायचं खापर देईन, घागर मात्र नाही, कारण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर पितरांसाठी भरतात. माहेरची माणसं बघून दचकतील. चौदाव्याला हस्तिदंत लिहिलाय तो सोडूनच द्या, त्याचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे. चांदीसाठी पंचविसावं वर्ष आहे, जळगावचा सराफ बाजार कुठे पळून जात नाही.

काही जण म्हणतील, दहाव्याला ॲल्युमिनियमही चालतं. यादीत आहे खरं, पण मी देणार नाही. त्यात आंबट शिजवता येत नाही आणि त्यात कुणाच्या आजीची आठवणही नसते.

सासूबाईंकडे पातेलं नसेल तर परात, कळशी, तांब्या, जे असेल ते चालेल. परात-कळशीला आतून कल्हई होते. नवं पितळ विकत घेणं मात्र शेवटचा उपाय ठेवा. आधी फोन करा, आणि दुपारी करा, तुमची बायको ऐकत नसेल तेव्हा.