लपवलेला घोटा

'ताई, मी ३७ वर्षांची. कॉलेजात खो-खो खेळताना उजवा घोटा मुरगळला होता, तो अजून अधूनमधून दगा देतो. गेल्या महिन्यात मैत्रिणींच्या ग्रुपबरोबर देवकुंड धबधब्याच्या ट्रेकला गेले. निघताना जिवलग मैत्रिणीने विचारलं, "पाय बरा आहे ना?" मी म्हटलं, "एकदम मस्त." लीडरलाही काही बोलले नाही. ओढा ओलांडताना दगडावरून पाय सटकला, घोटा टम्म सुजला. धबधबा अर्ध्या तासावर असताना मागे फिरले. मैत्रीणही माझ्यासोबत परतली. तेव्हापासून ती तुटक वागते. कितीदा तरी सॉरी म्हटलं. सासूबाई म्हणतात, "कुणी सांगितलेत नसते उद्योग?" डिसेंबरात ग्रुप अंधारबनच्या जंगल ट्रेकला चाललाय. बँडेज बांधून गुपचूप जाऊ का?'
— दुखरा घोटा, डोंबिवली

अगं, मागे फिरलीस ते शहाणपणाचंच केलंस. देवकुंडला भिरा गावातून चालत जायचं आणि त्याच वाटेने चालत यायचं. 'अर्धाच तास राहिलाय' म्हणणाऱ्याने तो अर्धा तास दोनदा मोजावा, शिवाय मागची सगळी रानवाट आणि धरणाच्या पाण्याकडेची वाट आहेच. आणखी पुढे गेली असतीस, तर तुला उचलून आणायला गावातली माणसं गोळा करावी लागली असती.

मैत्रिणीचं मात्र वेगळं आहे. धबधबा हुकला म्हणून कुणी महिनाभर तुटक वागत नाही. तिने सरळ विचारलं, तू सरळ खोटं बोललीस, आणि त्या खोट्यापायी तिचाही दिवस गेला. तुझे सगळे सॉरी धबधब्याचे आहेत. त्या 'एकदम मस्त'बद्दल तू अजून अवाक्षर काढलेलं नाहीस. तेव्हा आता व्हॉट्सॲप पुरे. तिच्या घरी जा आणि सांग, 'तू विचारलंस तेव्हा मला पायाची धास्ती होतीच. न्यायचं नाही म्हणाल, म्हणून खोटं बोलले.' एवढंच. त्यापुढे 'पण' जोडू नकोस. ती चिडली तर चिडू दे, निमूट ऐकून घे.

आता घोटा. महिना उलटूनही सूज असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव. घोटा एकदा जोरात मुरगळला की बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं. सूज उतरते, आपण बरे झालो असं समजतो. पण पाय कलतोय हे ओळखून सावरायची त्याची सवय मंदावलेली असते. व्यायामाशिवाय ती परत येत नाही, म्हणून पुन्हापुन्हा तोच पाय मुरगळतो. क्रेप बँडेजने सूज थोडी आवरते, पण शेवाळलेल्या गोल दगडावर ते तुला सावरणार नाही. डॉक्टर हो म्हणाले की फिजिओथेरपिस्टकडे जा. ते बहुधा रबरी पट्ट्याचे व्यायाम, टाचा उचलणं आणि एका पायावर उभं राहणं शिकवतील. यातलं शेवटचं स्वयंपाकघरातही होतं. ओट्याला बोटं टेकवून उभी राहा, कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत. दुसऱ्या शिट्टीच्या आत घोटा थरथरायला लागला, तर डिसेंबरचं उत्तर तुला तिथेच मिळेल.

माझं उत्तर तर आत्ताच 'नाही' असं आहे. अंधारबन म्हणजे ताम्हिणीजवळच्या पिंपरी गावाहून भिऱ्याकडे बहुतेक उतरणच. दमलेला पाय उतरतानाच जास्त चुकतो, आणि जंगलाच्या मधोमध 'मी इथेच थांबते' म्हणायची सोय नसते. घोटा सुधारला की कर्नाळ्याच्या अभयारण्यातली खालची वाट धर. महामार्ग हाकेच्या अंतरावर आहे, दुखलं की तिथूनच परत फिरता येतं. जिना न धरता, न घाबरता उतरता यायला लागला, की मग मोठ्या वाटांचं बोलू.

लीडरला आजच कळव: 'उजव्या घोट्याला जुनी दुखापत आहे, देवकुंडला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. अंधारबनला येत नाही. पुढच्या सोप्या ट्रेकला विचारा.' चांगला लीडर अशा माणसाला टाळत नाही. तो त्याला मधल्या फळीत ठेवतो, हातात काठी देतो आणि दोन जणांना लक्ष ठेवायला सांगतो. तुझा लीडर यावर नाक मुरडणार असेल, तर ग्रुप बदल.

आणि सासूबाईंशी वाद नको. डॉक्टरकडे जाताना त्यांनाच सोबत ने. त्यांचेही गुडघे कुरकुरत असतीलच, एका फेरीत दोघींचं होईल.