वाचकांचे प्रश्न: कारुझोची तबकडी

प्रश्न: आजोबांच्या कपाटात इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारुझोची तबकडी निघाली. चावीच्या ग्रामोफोनवर आवाज चिरका आणि घाईघाईत गायल्यासारखा येतो. तबकडी गेली का? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर: तबकडीला दोष देण्याआधी वेग मोजा. तबकडीखाली कडेला कागदाचा कपटा अडकवा, सुई टेकवा आणि अर्ध्या मिनिटात कपटा किती वेळा समोर येतो ते मोजा. सुई टेकवूनच मोजायचं, कारण तिच्या घर्षणाने वेग थोडा पडतो. ३९ फेऱ्या आल्या तर मिनिटाला ७८, म्हणजे जुन्या तबकड्यांचा नेहमीचा वेग. पण कारुझोच्या बाबतीत ७८ सुद्धा जास्तच. त्याच्या व्हिक्टर कंपनीच्या पुष्कळ तबकड्या ७६ च्या आसपास बसतात. फेऱ्या चार-पाचने चढल्या की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने वर जातो. तबकडी 'पालियाची' या ऑपेरामधल्या 'वेस्ती ला जुब्बा'ची असेल तर पेटी घेऊन बसा. ते गाणं मूळ ई मायनरमध्ये आहे, म्हणजे पांढरी तीन. वेगाचा स्क्रू त्या सुराला येईपर्यंत फिरवा.

चिरकेपणाचं दुसरं कारण सुई. पोलादी सुई तबकडीच्या एका बाजूसाठी एकच, मग फेकायची. बोथट सुई खाचा खरवडते. तबकडी स्पिरिटने मात्र कधीही पुसू नका, तिच्यातली लाख विरघळते. आणि नाशिकच्या मे महिन्यात ती आडवी रचून ठेवू नका, उभी ठेवा.

प्रश्न: कारुझो पहिल्यापासून मोठा गायक होता का? (पंचवटी)

उत्तर: छे. जन्म १८७३, नेपल्स. १८९५ मध्ये रंगमंचावर आला तेव्हा तार सप्तकात आवाज फाटायचा. नाव झाल्यावरही गावच्या सान कार्लो नाट्यगृहात थंड स्वागत झालं, तेव्हा पुन्हा नेपल्समध्ये गाणार नाही असं त्याने ठरवलं आणि ते पाळलं. एप्रिल १९०२ मध्ये मिलानच्या हॉटेलात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने त्याची दहा गाणी मुद्रित केली. (त्याच गैसबर्गने त्याच वर्षी कोलकात्यात गायिका गौहर जानला मुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभं केलं.) १९०३ पासून न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा. डिसेंबर १९२० मध्ये ब्रुकलिनला गाताना तोंडातून रक्त आलं. पुढे फुप्फुसाच्या आवरणात पू झाला, आणि २ ऑगस्ट १९२१ ला तो ४८ व्या वर्षी गेला.

प्रश्न: मागची वाद्यं डब्यात वाजल्यासारखी का येतात? (गंगापूर रोडचे तेच वाचक)

उत्तर: विजेच्या मायक्रोफोनवरचं मुद्रण १९२५ पासूनचं. कारुझो आयुष्यभर पत्र्याच्या कर्ण्यातच गायला. कर्ण्यात टेनर आवाज छान पकडला जाई, खालचे खर्ज सूर मात्र जवळपास हरवत.