फक्त ईमेलसाठी दिलेल्या होस्टिंग खात्यांवर एफटीपी कसे बंद करावे?

एफटीपी म्हणजे सर्व्हरवर फाइली चढवण्या-उतरवण्याची पद्धत. सीपॅनेल या होस्टिंग सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सुविधा चालू-बंद करणाऱ्या फीचर मॅनेजरमधून ‘एफटीपी अकाउंट्स’ ही सुविधा काढून टाकली, तरी ग्राहक मुख्य खात्याच्या पासवर्डने फाइली चढवतात, ही आपली अडचण खरी आहे. कारण त्या बदलाने नवी एफटीपी खाती उघडण्याचे पान तेवढे लपते, मूळ खात्याचा प्रवेश थांबत नाही. म्हणून बंदी सर्व्हरच्या पातळीवरच घालावी. आपण प्रोएफटीपीडी हे एफटीपी सर्व्हरचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ईटीसी (/etc) फोल्डरमधील एफटीपीयूजर्स (ftpusers) या फाइलीत त्या खात्यांची नावे लिहावीत. नावावरून उलटा समज होतो, पण या यादीतील वापरकर्त्यांना प्रवेश नाकारलाच जातो.

एसएफटीपी हा मात्र फाइली चढवण्याचा सर्वस्वी वेगळा मार्ग आहे. तो २२ क्रमांकाच्या पोर्टवरून एसएसएचमार्फत, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडून घेण्याच्या पद्धतीने चालतो, त्यामुळे एसएसएचच्या मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फाइलीत ‘डिनायूजर्स’ (DenyUsers) या ओळीवर तीच नावे द्यावी लागतात. सीपॅनेलमधील फाइल मॅनेजर आणि वेब डिस्क यांतूनही फाइली चढवता येतात, म्हणून तेही विसरू नयेत.

खाती नव्याने उघडायची असतील, तर माझ्या मते पोस्टफिक्स व डव्हकॉट या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये आभासी मेलबॉक्स द्यावेत. त्यांच्यामागे लिनक्सचा (सर्व्हर ज्यावर चालतो त्या प्रणालीचा) स्वतंत्र वापरकर्ताच नसल्याने त्या पासवर्डाने एफटीपीचे दार सहसा उघडतच नाही.