बावीस झाली, आता कधी खेळणार?

"मॅडम, बावीस पूर्ण झाली त्याला. अजून किती वाट बघायची?"

वडिलांचा पहिला फोन हा असा. मुलगा व्यावसायिक फुटबॉलपटू, उजव्या बाजूचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळून हल्ला चढवणारा. परराज्यातल्या एका क्लबशी करार, पण दोन वर्षांत मैदानापेक्षा फिजिओच्या टेबलावर जास्त दिवस गेलेले. मी समुपदेशक. खेळाडू मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात तेव्हा शब्द वेगवेगळे असतात, काळजी बहुतेकदा हीच असते: वय निघून चाललंय. म्हणून ही केस लिहिते आहे. मुलाची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर कोल्हापुरातल्या एका पेठेतलं. तालमींच्या नावाचे संघ, शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेत दुसरा विषय नाही. 2017 साली सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आमचा हा मुलगा तेव्हा चौदाचा. त्या ऑक्टोबरपासून घरात एक हिशेब सुरू झाला. अनिकेत सतराव्या वर्षी दिल्लीत वर्ल्ड कप खेळला, आपलं पोरगं सतराव्या वर्षी कुठं असेल? मग अठराव्या? मग विसाव्या? अनिकेतचं कौतुक होतं ते योग्यच होतं. पण त्या कौतुकातून एका चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यात वेळापत्रक तयार झालं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या भेटीत तो खुर्चीत बसला आणि उजव्या मांडीच्या मागे अंगठा दाबून बघू लागला. बोलताना दाबायचा, पाण्याचा ग्लास एका हातात धरून दुसऱ्या हाताने दाबायचा. आपण असं करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. मांडीमागचा स्नायू, ज्याला सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, तो दीड वर्षात तीनदा फाटला होता.

त्याने मोबाइलवर एक क्लिप लावली. तो उजव्या टचलाइनला, मैदानाच्या कडेच्या रेघेपाशी उभा आहे, मधल्या फळीतल्या मिडफिल्डरने समोरच्या बॅकच्या, म्हणजे बचावपटूच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत बॉल सोडलाय. चार पावलं हा सुसाट निघतो. पाचव्या पावलाला वेग उतरतो, बॉल पायात घेतो आणि मागे पास देतो. "हितं," त्याने क्लिप थांबवली. "हितं दुखत नव्हतं मॅडम. काहीच झालं नव्हतं. पण वाटलं, आता मांडी गेलीच."

विंगरचं सगळं काम त्या पाचव्या-सहाव्या पावलावर चालतं. स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, जागा धरून खेळू शकतो, मिडफिल्डर पासवर निभावून नेतो. विंगरला पूर्ण वेगाने पळावंच लागतं. आणि हॅमस्ट्रिंग बहुधा फाटतो तो पूर्ण वेगातच, पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकण्याच्या जरा आधी. एकदा फाटला की पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो, हेही खरं. म्हणजे त्याची भीती खुळी नव्हती. "घाबरू नकोस, बिनधास्त पळ" असं त्याला प्रशिक्षकापासून मित्रांपर्यंत सगळे सांगत होते. मी तेवढं सांगायचं टाळलं.

दुसऱ्या भेटीत आम्ही एका कागदावर तिन्ही दुखापती मांडल्या. कधी झाली, किती दिवसांनी परतलास, आणि परतताना समोर काय होतं? पहिल्या वेळी निवड चाचणी होती, तो एकोणीस दिवसांत परतला होता. तिसऱ्या वेळी करार वाढवण्याची बोलणी होती. दोन्ही वेळी कुठलीतरी तारीख गाठायची म्हणून तो लवकर मैदानात उतरला होता. वय निघून जाईल या धास्तीनेच त्याची वर्षं खाल्ली होती. दुसऱ्या दुखापतीच्या रकान्यात मात्र तो काही लिहीना. "सरावात झाली," एवढंच म्हणाला. मी ताणलं नाही.

चौथ्या भेटीत ते आपणहून बाहेर आलं. 2025 च्या जुलैमध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही देशातली वरची व्यावसायिक फुटबॉल लीग, बेमुदत थांबवली गेली. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार त्या डिसेंबरमध्ये संपत होता, पुढचं काही ठरलेलं नव्हतं. काही क्लबांनी सराव बंद केला, पगार रोखले. त्यात ह्याचाही पगार अडकला. इकडे घराचा हप्ता होता. मग तो रात्रीच्या लाइटात टर्फवरच्या, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावरच्या सात-सातच्या स्पर्धा खेळला, दुसऱ्याच नावाने, रोख पैशांसाठी. करारानुसार ते चालत नव्हतं. तिथेच मांडी दुसऱ्यांदा फाटली. सराव पुन्हा सुरू झाल्यावर क्लबच्या फिजिओला त्याने सांगितलं, हलकं जॉगिंग करताना ओढ बसली.

जॉगिंगमध्ये फाटतोय म्हटल्यावर फिजिओने साहजिकच हात आखडता घेतला, वेगाची धाव जवळजवळ बंद ठेवली. पूर्ण वेगाची सवय नसलेला पाय घेऊन तो सामन्यात उतरला आणि तिसऱ्यांदा फाटला. उपचार चुकले नव्हते, ते खोट्या माहितीवर बेतले गेले होते.

हे मी क्लबला कळवलं का, असं मला कुणी कुणी विचारतं. नाही. समुपदेशकाला सांगितलेलं समुपदेशकाकडेच राहतं. फिजिओला सांगायचं त्याने स्वतः ठरवलं. काय बोलायचं ते त्याने माझ्यासमोर एका पावतीच्या मागे लिहिलं, तीन ओळी, आणि चार वेळा खोडलं. क्लबने ताकीद दिली, करार मोडला नाही. तसं घडेलच याची खात्री मला नव्हती, त्यालाही नव्हती, आणि तरीही तो बोलला. ही गोष्ट मला त्याच्या कुठल्याही गोलपेक्षा मोठी वाटते.

मग वडिलांना बोलावलं. त्यांनी नेहमीचा हिशेब मांडला. मी त्यांना छांगटेचं सांगितलं. लालियनझुआला छांगटे, मिझोरामचा विंगर. 2015 मध्ये अठराव्या वर्षी भारताकडून पहिला सामना खेळला, दिल्ली आणि चेन्नईच्या संघांतून फिरत 2022 मध्ये मुंबईकडे आला आणि महासंघाचा 2022-23 चा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. वडिलांनी मान डोलावली, पण चेहरा हलला नाही. दुसऱ्याच्या मुलाचं उदाहरण उलटं लावलं म्हणून हिशेब सुटत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी विचारलं, "पगार थांबला होता तेव्हा हप्ता कसा भरलात?"

"ह्याची शिल्लक होती की."

मुलगा खाली बघत म्हणाला, "शिल्लक नव्हती पप्पा." आणि टर्फचं सगळं सांगितलं.

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ ती हातात फिरवत राहिले. "मला सांगायचंस की रे," एवढंच म्हणाले. त्या तासात आणखी काही बोलणं झालं नाही, गरजही नव्हती.

त्यानंतरच्या गोष्टी व्यवहाराच्या. बँकेत जाऊन त्यांनी हप्ता कमी करून मुदत वाढवून घेतली. मुलाने मुक्त विद्यापीठात बी.ए.चं अर्धवट राहिलेलं वर्ष पुन्हा सुरू केलं. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला ठरावीक स्पर्धांतली कामगिरी लागते आणि क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी करावी लागते. त्याची प्रमाणपत्रं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती, त्यातली दोन उंदरांनी कुरतडलेली. पालकांना मी आवर्जून सांगते, ती फाइल आजच नीट लावा. दुसरी वाट उघडी ठेवली की मुलाचं खेळातलं लक्ष उडतं, असं बऱ्याच घरांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. पाठीमागे जागा आहे हे कळल्यावर हा मुलगा पहिल्यांदा फिजिओने सांगितले तेवढे दिवस थांबला.

धावण्याचा सराव फिजिओने ठरवला: आधी सत्तर टक्के वेग, मग ऐंशी, मग नव्वद. माझी भर एवढीच, की प्रत्येक धावेआधी त्याने आकडा मोठ्याने म्हणायचा आणि संपल्यावर खरंच किती पळालो ते लिहायचं. नव्वदची पाळी आली त्या पहिल्या आठवड्यात "नव्वद" म्हणून तो साठने पळत होता. त्याने साठच लिहिलं.

गेल्या महिन्यात सराव सामन्याची नवी क्लिप घेऊन आला. तीच टचलाइन, तसाच बॉल. पाचवं पाऊल, सहावं, सातवं, बॅक मागे पडला. क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर टाकलेला बॉल, थेट गोलकीपरच्या हातात.

"क्रॉस बेकार हाय," तो म्हणाला. "पप्पाबी तेच म्हणाले."