'शोजो'ला मराठीत काय म्हणावं?

जपानी चित्रकथांवरचा एक लेख मराठीत आणणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: 'शोजो' या शब्दाला 'किशोरी' चालेल का? आणि 'शोजो मांगा' म्हणजे मुलींच्या गोष्टी, एवढंच ना?

आधी उच्चाराचं सांगते, कारण पहिली चूक तिथेच होते. जपानीत यातला 'शो' दोन मात्रांचा आणि 'जो' एका मात्रेचा. 'शो' आखूड म्हटला की शब्दच बदलतो. तो दुसरा शब्द पुरुषसंग न झालेल्या स्त्रीसाठी आहे. मराठीत ऱ्हस्व ओ नाही, त्यामुळे देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात. शिवाय आपल्या जिभेवर 'जो' येतो तो 'जोडा', 'जोर' यांतला. जपानी ज मात्र 'जेवण', 'जीव' यांतला आहे. लिहायला 'शोजो' सुटसुटीत आहे, तेच ठेवा, पण वाचून दाखवताना 'शो' लांबवा.

आता अर्थ. मुलगा या अर्थाच्या 'शोनेन' शब्दात दोन चित्राक्षरं आहेत: 'थोडी' आणि 'वर्षं'. म्हणजे कमी वयाचं माणूस, बस्स. त्यात पुरुष कुठेच नाही, आणि मेइजी काळाच्या (१८६८ ते १९१२) आरंभी या शब्दात मुलीही धरल्या जात. आपलं 'किशोर' मासिक १९७१ पासून मुलगे-मुली दोघांचं आहे, तसंच काहीसं. पुढे मुलींना त्यातून वेगळं काढलं गेलं. त्यांच्या शब्दात 'थोडी' राहिलं, 'वर्षं' गेलं आणि तिथे 'स्त्री' आली. ही अक्षरजोडी तेव्हा नव्याने घडवलेली नव्हे. 'गेंजी मोनोगातारी' या अकराव्या शतकातल्या जपानी कादंबरीच्या एकविसाव्या प्रकरणाचं नाव याच दोन अक्षरांनी लिहितात, पण वाचतात 'ओतोमे', म्हणजे तरुण मुलगी. 'शोजो' हा रोजच्या वापरातला शब्द झाला तो मात्र शाळेमुळे.

१८९९ साली जपान सरकारने मुलींच्या उच्च शाळांचा हुकूम काढला. प्राथमिक शाळा संपवून बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलगी तिथे जाई आणि चार-पाच वर्षं शिके. तिने पुढे चांगली पत्नी आणि शहाणी आई व्हावं, हा सरकारचा हेतू उघड होता. पण घडलं ते निराळंच. लहानपण सरलेलं आणि लग्न अजून दूर, असा वर्षांचा एक मोकळा पट्टा काही घरांतल्या मुलींच्या हाती आला. १९०२ मध्ये 'शोजोकाई' आणि १९०८ मध्ये 'शोजो नो तोमो' ही मासिकं निघाली. दुसरं तर १९५५ पर्यंत चाललं. लेखिका योशिया नोबुको यांच्या, एकेका फुलाचं नाव असलेल्या कथा १९१६ पासून येऊ लागल्या. त्यांत वसतिगृहं आहेत, मैत्रिणींची जिवाला लागणारी ओढ आहे, ताटातूट आहे. शोजो म्हणजे वयाचा आकडा नव्हे, तर तो मधला अवकाश आणि त्यातली मनःस्थिती, असं मी म्हणते ते यामुळेच.

मराठीत अडतं ते इथेच. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असा अवकाश मुलींना मिळालाच नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली, तर त्यावर केवढं रणकंदन झालं! म्हणून आपले शब्द एक तर त्या अवकाशाच्या अलीकडचे आहेत नाहीतर पलीकडचे: पोर, चिमुरडी, किंवा थेट उपवर. 'कुमारी' कौमार्याकडे आणि अविवाहितपणाकडे झुकतो, म्हणजे वर सांगितलेल्या आखूड 'शो'च्या शब्दाकडेच जातो. 'किशोरी'त वय बरोबर बसतं, पण तो शब्द आरोग्य खात्याच्या पत्रकांतला, अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदींचा. त्यात स्वप्न नाही. 'परकरी पोर' माझ्या फार आवडीचा, कपड्यावरून वय सांगणारा शब्द. जपानी शोजोही खलाशांच्या धर्तीच्या शाळेच्या 'सेलर' गणवेशावरून ओळखू येते. पण परकर घरातला आणि सेलर शाळेतला, तेव्हा तोही सोडावा लागतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. 'शोजो मांगा' म्हणजे मुलींसाठीच्या चित्रकथा. त्या मुलींविषयीच असतील असं नाही. 'शोजो' इथे वाचकाचं नाव आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिलांनी व्हॉलीबॉलचं सुवर्णपदक जिंकलं आणि १९६८ मध्ये मुलींच्या साप्ताहिकात घामाने निथळणारी व्हॉलीबॉलची कथामाला सुरू झाली. १९७२ मध्ये आलेल्या इकेदा रियोको यांच्या 'बेरुसाइयु नो बारा' (व्हर्सायचा गुलाब) या चित्रकथेची नायिका ऑस्कर मुलगा म्हणून वाढवलेली, फ्रेंच राजवाड्याच्या रक्षकदलाची अधिकारी आहे. या कथांचं एखादं पान जवळून बघा. चौकटींच्या रेषा मध्येच विरलेल्या, डोळ्यांत चांदण्या, पात्रामागे खोलीऐवजी फुलं, आणि मनातलं बोलणं फुग्याबाहेर, मोकळ्या जागेत तरंगणारं. वाचणारी थेट त्या मनात उतरावी अशी ती मांडणी आहे.

'बिशोजो' म्हणजे 'रूपवान शोजो'. त्याची दिशा बहुतेक वेळा उलटी असते: तिथे मुलगी वाचत नाही, तिच्याकडे पाहिलं जातं. म्हणूनच १९९२ साली ताकेउची नाओको यांनी 'बिशोजो सेन्शी सेलर मून' हे नाव मुलींच्याच मासिकात दिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यातली नायिका, चौदा वर्षांची रडूबाई उसागी, त्या शब्दापुढे 'सेन्शी', म्हणजे योद्धा, जोडून उभी राहते.

तेव्हा ताई, प्रकाराचं नाव म्हणून 'शोजो' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा. कथेतल्या पात्राला सरळ 'मुलगी' म्हणा. जपानी 'मुसुमे'सारखाच आपला 'मुलगी' शब्दही लेक आणि तरुण पोर अशा दोघींना चालतो, त्यामुळे 'कुणाची?' हा प्रश्न मात्र त्याला चिकटून येतो. जिथे ती कुणाची लेक म्हणून आलेली नाही, तिथे 'त्याची मुलगी', 'त्यांची मुलगी' असं होऊ देऊ नका. 'एक मुलगी' लिहा.